‘अँकर’ समजून घेताना

इंग्रजी शब्दाचा अर्थ कुणी विचारला की आपण त्याचा मराठी प्रतिशब्द सांगतो आणि पुढे जातो. पुष्कळ शब्दांचे तेवढ्यावर भागते. ‘अँकर’सारखा शब्द आला की मात्र ही रीत तोकडी पडते. अँकर म्हणजे नांगर, हे कोशाच्या पहिल्याच ओळीत मिळते. दहावीतली एखादी मुलगी इंग्रजीच्या उताऱ्यात ‘ग्रँडमदर वॉज द अँकर ऑफ द फॅमिली’ हे वाक्य वाचते, कोश उघडते आणि वहीत लिहिते, ‘आजी कुटुंबाचा नांगर होती.’ प्रतिशब्द अचूक आहे, तरी वाक्य काहीच सांगत नाही. मराठी वाचकाला त्यात शेत, बैलजोडी आणि फाळ दिसतो. आजी दिसत नाही.

त्या मुलीचा शब्दसंग्रह कमी पडला असे मला वाटत नाही. जहाजाचा नांगर नेमके काय करतो, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते. लाक्षणिक अर्थ पाठ करायला लावण्याआधी ती वस्तू समजावून दिली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. वस्तू कळली की पुढचे बहुतेक अर्थ स्वतःचे स्वतः उलगडता येतात. ‘अँकर’ हा शब्द त्यासाठी फार चांगला आहे, कारण बातम्यांपासून शेअर बाजारापर्यंत तो आपल्याला रोज भेटतो.

तर आधी वस्तू. नांगर जड असतो आणि त्याच्या वजनाने जहाज जागेवर राहते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात नांगराचे वजन जहाजाच्या वजनाच्या एक टक्काही नसते. जहाजाला धरतो तो समुद्राचा तळ. नांगराचे वाकडे, टोकदार पंजे चिखलात रुततात आणि साखळी जितकी आडवी ओढली जाईल तितके ते खोल शिरतात. म्हणून खलाशी साखळी सढळ हाताने सोडतात. लहान नौकांसाठी पाण्याच्या खोलीच्या पाच ते सात पट, हा रूढ हिशेब आहे. दहा मीटर पाणी असेल तर पन्नास ते सत्तर मीटर. साखळीचा बराचसा भाग तळावर पडून राहतो, त्यामुळे ओढ आडवी राहते आणि लाटांचे हिसके नांगरापर्यंत पोचेपर्यंत सौम्य होतात. चिखल आणि चिकणमाती नांगराला चांगली पकड देतात. खडकावर तो नुसता घासत जातो. आणि नांगर उचलायचा असेल तर साखळी सरळ वर ओढायची. आडव्या ओढीने रुतलेला नांगर उभ्या ओढीने सुटतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण ती पुढे फार उपयोगी पडणार आहे. नांगरलेले जहाज स्थिर नसते. वारा आणि प्रवाह फिरेल तसे ते नांगराभोवती फिरते. कोकणातल्या कुठल्याही बंदरावर भरती-ओहोटीच्या वेळी थांबून पाहा: प्रवाह उलटला की नांगरलेल्या सगळ्या होड्या हळूहळू तोंड फिरवतात. किती फिरायचे ते साखळी ठरवते. म्हणूनच नांगर टाकताना आजूबाजूच्या जहाजांपासून पुरेसे अंतर ठेवावे लागते. जहाज हलते, पण एका वर्तुळापलीकडे जात नाही.

हे सारे पाण्याखाली, कुणाच्या नजरेस न पडता चालते. वर दिसते ते फक्त जहाज.

आता शब्दाकडे. इंग्रजीने तो लॅटिनमधून घेतला आणि लॅटिनने ग्रीकमधून. ग्रीक शब्द ‘अंकिरा’. त्याच्या मुळाशी वाकणे, वाकडे असणे हा भाव आहे, कारण नांगर म्हणजे आकडाच. तुर्कस्तानची राजधानी अंकारा हिचे प्राचीन नावही हेच. मराठी वाचकाला याहून जवळचा एक नातेवाईक आहे: अंकुश. हत्तीला आवरायचे ते वाकडे टोक आणि जहाजाला आवरायचे हे वाकडे टोक, दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून आले आहेत. ‘खर्चावर अंकुश ठेवा’ असे म्हणताना आपल्यासमोर हत्ती नसतो, माहूतही नसतो. लाक्षणिक अर्थाची आपल्याला किती सवय आहे, ते एवढ्यावरूनही कळते.

मराठी ‘नांगर’ची गोष्ट वेगळी आहे. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला. जहाजाच्या नांगराचे नाते फारसी ‘लंगर’शी लावले जाते, हिंदीत तो शब्द तसाच राहिला. मराठीत दोघांचे रूप एक झाले आणि शेतीच्या मुलखात पहिल्या अर्थाने दुसऱ्याला झाकून टाकले. किनाऱ्यावर मात्र ‘होडी नांगरली’ हे आजही रोजच्या बोलण्यातले वाक्य आहे. या किनाऱ्याचे नांगराशी असलेले नाते फार जुने आहे. गोव्याच्या दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग परिसरात पाण्याखाली दगडी नांगर सापडले आहेत: छिद्रे पाडलेले घडीव दगड, ज्यांतून दोर आणि लाकडी खुंट्या ओवत असत. दोन अर्थांची गाठ एकदा खरोखरच पडली. द्रव पदार्थांच्या प्रवाहावरील कामासाठी जगभर ओळखले जाणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री इन्ग्राम टेलर यांना शिडाच्या नौकेचा छंद होता. त्यांनी १९३३ साली शेतातल्या नांगराच्या फाळासारखा जहाजाचा नांगर तयार केला. वजन कमी आणि पकड जास्त. तो आजही वापरात आहे आणि इंग्रजीत त्याला ‘प्लाऊ अँकर’च म्हणतात.

वस्तू कळली. आता अर्थ वस्तूपासून दूर कसा जातो, ते पाहू. यासाठी लागणारे साधन आपल्या शाळेच्या व्याकरणातच आहे. अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण शिकलेलो असतो. ‘बाबा ताटावर बसले’ हे लक्षणेचे ठरलेले उदाहरण. पण लक्षणा कशी चालते, हे अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाश’ या ग्रंथात जितके नेमके सांगितले आहे तितके वर्गात क्वचितच सांगितले जाते. त्याच्या मते तीन गोष्टी लागतात. पहिली, मूळ अर्थ अडला पाहिजे: ताटावर कुणी बसू शकत नाही. दुसरी, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी काही संबंध हवा: बाबा ताटाजवळ बसतात. तिसरी, एक तर तशी रूढी हवी, नाहीतर बोलणाऱ्याचा काही हेतू हवा. रूढीचे उदाहरण म्हणून मम्मट ‘कुशल’ हा शब्द देतो. कुशल म्हणजे मुळात कुश गवत आणणारा. ते धारदार गवत हात न कापता आणणे सोपे नसते, त्यावरून निपुण असा अर्थ झाला, आणि आता ते गवत कुणाला आठवतही नाही.

या तीन पायऱ्या इंग्रजी शब्दाला जशाच्या तशा लागू पडतात. त्यातही विद्यार्थ्याने सगळ्यात जास्त वेळ दुसऱ्या पायरीवर घालवावा. मूळ वस्तूचा कोणता गुण इथे घेतला आहे? हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागली की निम्मे काम झाले.

आजीच्या वाक्यापासून सुरुवात करू. आजी लोखंडाची नाही, म्हणजे मूळ अर्थ अडला. संबंध कोणता? नांगर जहाजाला भरकटू देत नाही, आणि तो स्वतः दिसतही नाही. आजीमुळे घर सैरभैर झाले नाही, आणि तिने हे गाजावाजा न करता केले. मराठीत लिहायचे तर ‘आजीमुळे घर कधी भरकटले नाही’ हे वाक्य मूळ इंग्रजीच्या सर्वांत जवळ जाते. ‘आजी घराचा आधारवड होती’ हेही चालेल, पण त्यात थोडा फरक पडतो. वड सावली देतो. नांगर धरून ठेवतो. उताऱ्यात आजी सगळ्यांना आसरा देत असेल तर आधारवड योग्य. मुलांची भांडणे, नोकऱ्या, स्थलांतरे यांत तिने घर एकत्र ठेवले असेल तर पहिले वाक्य योग्य. प्रतिशब्द संदर्भ पाहून निवडायचा म्हणजे काय, ते इथे दिसते.

हा अर्थ फार जुना आहे. बायबलच्या नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आशेला आत्म्याचा नांगर म्हटले आहे. रोमच्या भूमिगत दफनगृहांत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगराची चित्रे कोरली, ती याच आशयाने. वादळात दिसेनासे होणारे जहाज आणि न दिसणाऱ्या तळाशी त्याला धरून ठेवणारे काहीतरी, हे चित्र भूमध्य समुद्राच्या काठी राहणाऱ्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

क्रिकेटमध्ये अँकर येतो तो याच वाटेने. पूर्वीच्या जहाजांवर एक सर्वांत मोठा राखीव नांगर असे, ‘शीट अँकर’. बाकीचे नांगर धरेनासे झाले की तो टाकायचा. वर्तमानपत्रांतल्या इंग्रजीत एक टोक लावून धरणाऱ्या फलंदाजाला ‘शीट अँकर’ म्हणण्याची प्रथा पडली, त्यामागे हा संकटकाळचा नांगर आहे. राहुल द्रविडबद्दल ‘अँकरची भूमिका’ असे म्हटले जाते तेव्हा दुसऱ्या बाजूने गडी बाद होत आहेत, धावा काढणारे येत-जात आहेत आणि हा उभा आहे, एवढे सगळे त्या एका शब्दात येते. फलंदाज धावा काढत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. नांगरलेले जहाजही हलतेच.

यापुढे शब्द एक वळण घेतो, आणि इथे घाई केली तर चूक होते. रस्सीखेचीत दोराच्या टोकाशी जो गडी उभा असतो, तो दोर काखेतून पाठीवर आणि खांद्यावरून घेऊन पाय रोवतो. इंग्रजीत तो अँकर. इथे गुण सरळ आहे: दोराचे टोक आणि जमिनीत रोवणे. पुढे रिले शर्यतीत शेवटच्या टप्प्याच्या धावपटूलाही अँकर म्हणू लागले. तो तर कुठेच रोवलेला नसतो. जीव तोडून पळत असतो. मूळ नांगराशी त्याची सरळ तुलना केली तर काहीच जुळत नाही. कारण हा अर्थ नांगरावरून आलाच नाही, तो रस्सीखेचीच्या गड्याशी जुळतो: सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात भरवशाचा. लाक्षणिक अर्थावरून दुसरा लाक्षणिक अर्थ निघाला. विद्यार्थी अडखळतो तो बहुधा अशाच जागी, आणि तेव्हा मधली पायरी शोधून द्यावी लागते.

टीव्हीवरचा अँकर या रांगेतला. १९५२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या दोन्ही मोठ्या पक्षांची अधिवेशने शिकागोत झाली आणि ती टीव्हीवरून देशभर दाखवली गेली. सीबीएस वाहिनीसाठी वॉल्टर क्रॉन्काइट एका जागी बसून सारे कथन करत होते; वार्ताहर सभागृहात विखुरलेले होते आणि प्रत्येक बातमी फिरून त्यांच्याकडे येत होती. ‘अँकरमन’ हा शब्द या प्रक्षेपणामुळे रुळला. रिलेतला शेवटचा भरवशाचा धावपटू त्यात आहे आणि एका जागी रोवलेला नांगरही आहे. आज वृत्तनिवेदकाला अँकर म्हणताना यातले काहीच मनात येत नाही. लग्नाच्या संगीत कार्यक्रमातही ‘अँकरिंग कोण करणार?’ असे विचारले जाते. मम्मटाच्या भाषेत ही रूढी झाली. शब्द ‘कुशल’च्या रांगेत जाऊन बसला. मराठीने त्याच कामासाठी ‘सूत्रसंचालक’ हा शब्द घेतला. त्यात दोरा आहे, नांगर नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मानसशास्त्रातला अर्थ, कारण तिथे शब्द निवडणाऱ्यांनी वस्तू फार बारकाईने पाहिली आहे. १९७४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानमन यांचा एक लेख आला. त्यांनी लोकांसमोर शून्य ते शंभर आकडे असलेले एक चक्र फिरवले. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्य देशांपैकी किती टक्के देश आफ्रिकेतले आहेत, ते या आकड्याहून जास्त की कमी, असे आधी विचारले. मग नेमका अंदाज सांगायला सांगितले. चक्रावरच्या आकड्याचा आफ्रिकेशी काडीचा संबंध नव्हता. तरीही ज्यांच्यासमोर १० आला त्यांच्या अंदाजाचा मध्यक २५ निघाला आणि ज्यांच्यासमोर ६५ आला त्यांचा ४५. लेखकांनी याला ‘अँकरिंग’ म्हटले.

इथे कोणता गुण घेतला आहे? लोक १० वर किंवा ६५ वर खिळून राहिले नाहीत. ते त्या आकड्यापासून दूर सरकले, पण पुरेसे सरकले नाहीत. नांगरलेले जहाज साखळीइतके फिरते आणि त्यापलीकडे जात नाही, तेच हे. नांगर म्हणजे न हलणे एवढेच ज्याला ठाऊक आहे त्याला हा प्रयोग कळतो, पण त्याला ‘अँकरिंग’ का म्हणायचे ते कळत नाही. आणि सूर कसा पालटला तेही पाहा. आजीच्या वाक्यात धरून ठेवणे हे उपकारक होते. इथे ते बुद्धीची अडचण झाले आहे. दुकानात खोडलेली जुनी किंमत पाहून नवी किंमत आपल्याला स्वस्त वाटते, त्याचेही कारण हेच. म्हणून गुण ओळखल्यावर तो वाक्यात चांगला मानला आहे की वाईट, हेही विचारायला हवे. कोशातला प्रतिशब्द याचे उत्तर देत नाही.

शेअर बाजारातला ‘अँकर इन्व्हेस्टर’ तुलनेने नवा. सेबीने २००९ मध्ये ही सोय आणली. कंपनीचे समभाग सर्वसामान्यांसाठी खुले होण्याच्या आदल्या दिवशी म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्था ठरावीक हिश्शासाठी बोली लावतात. मिळालेले समभाग त्यांना लगेच विकता येत नाहीत. निम्म्यांवर तीस दिवसांचे आणि उरलेल्या निम्म्यांवर नव्वद दिवसांचे बंधन असते. हे बंधन नसते तर अँकर हे नाव शोभले नसते. आधी टाकलेला, काही काळ न उचलता येणारा आणि इतरांना धीर देणारा, असे नांगराचे तीन गुण या नियमात आहेत. तीस दिवस संपले की भाव खाली येऊ शकतो, अशी चर्चा बाजारात असते, म्हणजे नांगर उचलला जातो हेही लोक ध्यानात ठेवतात.

मॉलमधले ‘अँकर स्टोअर’ म्हणजे ते मोठे दुकान, ज्याच्या भरवशावर लहान दुकानदार आपले गाळे घेतात. भिंतीत भोक पाडून बसवायचा ‘अँकर फास्टनर’ आत गेल्यावर फुगतो आणि धरतो. तो तर जवळजवळ मूळ अर्थच आहे. संकेतस्थळाच्या पानावरच्या दुव्यालाही तांत्रिक भाषेत अँकर म्हणतात.

एका सारख्या दिसणाऱ्या शब्दापासून मात्र सांभाळायला हवे. मध्ययुगीन इंग्लंडच्या इतिहासात ‘अँकराइट’ आणि ‘अँकरेस’ हे शब्द येतात. चर्चला लागून असलेल्या खोलीत स्वतःला जन्मभर कोंडून घेऊन उपासना करणारे ते स्त्री-पुरुष. चौदाव्या शतकातली नॉर्विचची ज्युलियन ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. एका जागी खिळलेले म्हणून अँकर, असे कुणालाही वाटेल. पण हा शब्द माघार घेणे, एकांतात जाणे या अर्थाच्या वेगळ्या ग्रीक क्रियापदावरून आला आहे. संबंध कितीही छान जुळला तरी मोठ्या कोशात व्युत्पत्ती पाहिल्याशिवाय तो खरा धरू नये.

राहिली वापराची बाब. शब्दाबरोबर कोणती क्रियापदे येतात, ती सोबतच शिकावीत. नांगर टाकणे ‘ड्रॉप’, उचलणे ‘वे’. या ‘वे’चा वजन करण्याशी इथे संबंध नाही, उचलणे हा त्या क्रियापदाचा जुना अर्थ या प्रयोगात टिकून आहे. लाक्षणिक वापरात ‘अँकर्ड इन’ हा जोड फार येतो: युक्तिवाद पुराव्यात ‘अँकर्ड’ आहे, कथा गावाच्या बोलीत ‘अँकर्ड’ आहे. तळात रुतणे लक्षात असेल तर इथे ‘इन’ का येते, ते वेगळे घोकावे लागत नाही. मराठीत अशा ठिकाणी ‘रुजलेले’ किंवा ‘आधारलेले’ वापरावे. ‘नांगरलेले’ इथे चालत नाही.

शिक्षकांनी वर्गात आणि पालकांनी घरी आता एक शब्द मुलांबरोबर सोडवून पाहावा: ‘हार्बर’. मुंबईच्या हार्बर लाइनमुळे तो मुलांच्या कानावर असतो. इंग्रजीत पळून आलेल्या गुन्हेगाराला ‘हार्बर’ करतात आणि मनातली अढीही ‘हार्बर’ करतात. या सगळ्यांत बंदराचा कोणता गुण आहे, ते मुलांनाच शोधू द्या. एवढेच सांगा की या शब्दाचा जुना अर्थ जहाजांचा धक्का नव्हे, आसरा हा आहे.